‘घरी’ या रकान्यातली माणसं

चेन्नईतल्या मराठी मंडळाच्या अंकात दरवर्षी बँकेतले नाहीतर रेल्वेतले साहेब लिहितात. कुठं बदली झाली, कोणत्या साहेबानं पाठ थोपटली, निरोपाला शाल कोणी घातली. वाचायला बरं असतं. माझी कधी बदली झाली नाही. एकाच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एकतीस वर्षं मी डायलिसिसच्या पेशंटांना वजनकाट्यावर उभं केलं. शिक्षण सातवी. हुद्दा वॉर्ड अटेंडंट. लोक वॉर्डबॉय म्हणायचे, केस पांढरे झाले तरी बॉयच. संपादकबाई म्हणाल्या, “काका, तुम्ही लिहाच.” लिहितो, पण गोड लिहायला सांगू नका. सध्या माझं डोकं गरम आहे.

विट्याकडून मामानं मला चेन्नईत आणलं ते साहुकारपेठेत सोनं गाळायच्या दुकानात. आमच्या भागातली निम्मी माणसं त्याच धंद्यात. तेजाबाच्या धुरानं वर्षभरात मला असा खोकला लागला की मामा मला दवाखान्यात घेऊन गेला. मामा परत गेला, मी तिथंच चिकटलो.

काम काय ते सांगतो. किडनी गेली की लघवी होत नाही. प्यालेलं पाणी अंगातच साठतं, पाय सुजतात, मग फुप्फुसात चढतं आणि माणूस बसल्या जागी गुदमरतो. म्हणून आठवड्यातून तीनदा यायचं, चार तास मशीनला जोडून घ्यायचं. मशीन रक्त धुतं आणि जास्तीचं पाणी काढून घेतं. किती काढायचं हे ठरतं वजनावरून. मागच्या वेळी जाताना बावन्न किलो होता, आज पंचावन्न भरला, म्हणजे तीन लिटर पाणी घेऊन आलाय. काटा चुकला आणि पाणी जास्त काढलं गेलं तर माणूस पांढराफटक पडतो, पायात गोळे येऊन किंचाळतो. तेव्हा काट्यावर उभं करणारा माणूस कोणी हलका समजू नये.

पेशंट काय करतात? खोटं बोलतात. सगळे. त्यांना दिवसाला मोजून पाणी असतं आणि हे आपलं गाव आहे चेन्नई, इथं मे महिन्यात भिंतींनाही घाम येतो. एक रिटायर हेडमास्तर काट्यावर चढले की माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. मला वाटायचं माया आहे. महिन्याभरानं कळलं, हातावर भार टाकून म्हातारा दीड किलो लपवतो. मैलापूरच्या एक मामी होत्या (इथं वयस्क ब्राह्मण बाईला मामी म्हणतात), त्यांचं वजन कधीच हिशोबात बसायचं नाही.

“मामी, कॉफी पिता ना?”

“छे. नुसती चूळ भरते.”

“मग थुंकता ना?”

“फिल्टर कॉफी कोणी थुंकतं का?”

अशी माणसं. पण बघून बघून माझी नजर तयार झाली. पेशंट जिन्यावरून आत आला की घोटा, डोळ्यांखालची सूज आणि श्वास बघून मी आकडा सांगायचो, आणि काटा बहुतेक वेळा तोच आकडा दाखवायचा. नवीन नर्स आली की जुन्या नर्स तिला माझ्याशी पैज लावायला लावायच्या. एवढाच एक माझा मानपान.

दुसरं एक काम होतं, ते हुद्द्याच्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. किडनीच्या पेशंटवर दुसरं काही ऑपरेशन करायचं म्हणजे जोखीम. हृदयाचं असो, पायाचं असो. जखम भरत नाही, ताप येतो, रक्तदाब टिकत नाही. कधीकधी डॉक्टर बाहेर येऊन घरच्यांना सांगतात की आता आमच्या हातात काही नाही. मग घरचे आपापसात कुजबुजतात आणि म्हणतात, घरी नेतो. माणसानं आपल्या उंबऱ्याच्या आत डोळे मिटावेत, असं इथं सगळ्यांनाच वाटतं. आपल्याकडंही वाटतं. घशात नळी असली तर श्वास चालू राहावा म्हणून नळीला रबरी फुगा जोडायचा आणि कोणीतरी तो घरापर्यंत दाबत न्यायचा. ते कोणीतरी म्हणजे मी. चेंगलपट्टूपर्यंत, तिरुवळ्ळूरपर्यंत मी फुगे दाबत गेलोय. दारात गाडी थांबली की घरातला मोठा माणूस पेशंटच्या कानात सांगायचा, “वीडु वंदाच्चु,” घर आलं. मग मी नळी काढायचो. परत येताना ड्रायव्हर आणि मी चहा प्यायचो.

वॉर्डात परत आलो की एक जाडं रजिस्टर असायचं. पेशंट वॉर्डातून कुठं गेला ते त्यात लिहायचं. माझ्याकडंच होतं ते. तीनच शब्द चालायचे: घरी, दुसरा दवाखाना, शवागार. बरा होऊन चालत गेला तरी ‘घरी’. फुग्यावर गेला तरी ‘घरी’. मरायला गेला असं कोण लिहिणार? घरचे समोर उभे असतात. नर्स म्हणायच्या, तसलं लिहू नका, अपशकुन. मलाही लिहवत नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं, मग लिहायचं कशाला?

हे वाक्य लक्षात ठेवा. सगळा घोळ इथंच आहे, आणि तो माझ्या हातचा आहे.

आता सिंधूचं सांगतो. सिंधू माझी बायको. तिला साखर होती, साखरेनं किडनी खाल्ली, आणि ज्या वॉर्डात मी काम केलं त्याच वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर ती चार वर्षं येत राहिली. शेवटची दोन वर्षं मी रिटायर होतो, तरी काट्यावर तिला मीच चढवायचो, दुसऱ्याला हात लावू द्यायचो नाही. घरी स्टीलचा एक पेला ठेवला होता. दिवसाला चार पेले, त्यात चहा धरून. पाचवा मिळायचा नाही.

“अहो, लग्नात मला मंगळसूत्र घातलंत का पाण्याचं मीटर बसवलंत?” ती म्हणायची. “घरात नवरा हवा होता. हा वॉर्डबॉय कशाला पाठवला देवानं?”

“वॉर्डबॉय आहे म्हणून जगतेस,” मी म्हणायचो. असंच बोलायचो मी. लाडीगोडी मला कधी आली नाही.

मग मोरीत तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, जोखीम आहे, पण ऑपरेशन नाही केलं तर कायमची झोपून राहील. केलं. हाड चांगलं बसलं. दहाव्या दिवशी ताप आला आणि रक्तदाब पडला. मशीनला जोडलं की रक्तदाब आणखी खाली, सोडवून ठेवावं लागायचं. दोनदा प्रयत्न केला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “काका, तुम्हाला मी काय सांगू? तुम्हाला माहीत आहे.” माहीत होतंच. सिंधू म्हणाली, “घरी न्या.” नळी नव्हती तिला, फुगा लागला नाही. दुसऱ्यांच्या नातेवाइकांकडून जो अर्ज मी भरून घ्यायचो तोच भरला, जुन्या सवयीनं रजिस्टरमध्ये ‘घरी’ही मीच लिहिलं आणि तिला घरी आणली. चार दिवस होती. त्या चार दिवसांतलं मी कोणाला सांगितलं नाही. मुलगा ओरगडमला गाडीच्या कारखान्यात आहे, पाळीवरून येऊनजाऊन होता, त्यालाही नाही. दोन वर्षं झाली.

यंदा हॉस्पिटलमधून फोन आला. कॉम्प्युटरवाली माणसं आलीत, त्यांना जुनी रजिस्टरं वाचून पाहिजेत. एका पावसाळ्यात तळमजल्यात पाणी शिरलं होतं, त्यात पानं चिकटली, शाई फुटली. शिवाय अक्षर माझं. दुसऱ्या कोणाला लागत नाही. मुलगा म्हणाला, “जा की अप्पा, घरात बसून भिंतींशी भांडता त्यापेक्षा बरं.” गेलो.

एका खोलीत मला बसवलं. एसी असा की मढंसुद्धा टिकलं असतं. चाकाची खुर्ची, बसलं की मागं पळते. आत जायला गळ्यात कार्ड, कार्ड दाराला टेकवायचं, दार उघडत नाही, पुन्हा टेकवायचं, बाहेरून कोणी हसतंय. समोर एक पोरगी, कयल नावाची. इंजिनिअर. कानात कायम काहीतरी घातलेलं. मला तात्ता म्हणायची, म्हणजे आजोबा. आमचं सगळं बोलणं तमिळमध्ये, इथं मराठीत लिहितो.

“तात्ता, हे काय लिहिलंय?”

“घरी.”

“आणि हे?”

“घरी.”

“दोन्ही शब्द वेगळे दिसतायत!”

“एक गाडीतून उतरल्यावर लिहिलाय. बोटं आखडलेली.”

“तुमचं अक्षर वाचून माझीच किडनी जाणार आहे.”

पोरगी तोंडाळ होती, म्हणून बरी वाटली. मी विचारलं, हे सगळं कशाला? तिनं समजावलं. किडनीचा पेशंट ऑपरेशनला घ्यायचा की नाही हे डॉक्टरांना आधी ठरवावं लागतं. तर जुन्या पेशंटांची सगळी माहिती कॉम्प्युटरला द्यायची. वय, साखर, रक्तदाब, किती वर्षं डायलिसिस, कोणतं ऑपरेशन, आणि शेवटी काय झालं. हजारो ओळी वाचून तो आपोआप शिकतो. मग नवीन पेशंटची माहिती घातली की सांगतो, हा ऑपरेशनमधून नीट निघेल का. हिरवा, पिवळा, तांबडा.

“तुम्ही नाही का नुसतं बघून वजन ओळखायचात? नर्सनी सांगितलं मला. तसंच हे.”

“तसं नाही,” मी म्हणालो. “मी आकडा सांगितला की पेशंट लगेच काट्यावर चढायचा. चुकलो तर तिथंच तोंडावर कळायचं. म्हणून शिकलो. याला कोण काट्यावर चढवतं?”

“शेवटचा रकाना आहे ना. काय झालं तो.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही. मी ‘घरी, घरी, दुसरा दवाखाना, घरी’ वाचत बसलो आणि ती टाइप करत बसली. असे तीन आठवडे.

मग मोठे डॉक्टर आले बघायला. पोंगलनंतर वॉर्डात हे सुरू करायचं म्हणाले. चांगला माणूस आहे, पण घाईत असतो. कयलला म्हणाले, एखादा पेशंट घालून दाखव. खरा नको, असाच. आणि उभ्या उभ्या सांगत गेले: बाई, वय बासष्ट, साखर, चार वर्षं डायलिसिस, खुब्याचं हाड.

पडद्यावर हिरवं.

डॉक्टर म्हणाले, “हं. मला पिवळं वाटलं होतं.” पण खूश दिसले.

मी खुर्चीतून उठलो. खुर्ची मागं जाऊन कपाटाला धडकली. “हिरवं कशावरून?”

“तात्ता, अशा पेशंट आधी होऊन गेल्यात, त्यातल्या बहुतेक नीट झाल्या.”

“कोणत्या? दाखव.”

तिनं यादी काढली. नावं नव्हती, नंबर होते. पण खाटेचा नंबर होता, तारीख होती. वरून तिसरी ओळ. बासष्ट वर्षं, खिडकीजवळची खाट, खुबा, आणि शेवटच्या रकान्यात ‘घरी’. त्याच्यापुढं कॉम्प्युटरनं आपलं आपण लावलेलं: चांगला निकाल.

मी काय बोललो ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. निम्मं मराठीत बोललो म्हणून वाचलो. नंतर तमिळमध्ये सांगितलं, “ही माझी बायको आहे. ही मेली. तुमचा कॉम्प्युटर म्हणतो ती बरी झाली. आणि तिच्याकडं बघून तो उद्या दुसऱ्या कोणाच्या बायकोला हिरवं दाखवणार.”

कयलनं कानातलं काढलं. डॉक्टर म्हणाले, “काका, बसा.”

“बसत नाही. खुर्ची पळते.”

फुग्यांचं सांगितलं. चेंगलपट्टूचं सांगितलं. ‘घरी’ म्हणजे काय काय असायचं ते सांगितलं. डॉक्टरांना यातलं माहीत नव्हतं असं नाही. त्यांनीच किती जणांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. पण रजिस्टरमध्ये मी दोन्हींना ‘घरी’च लिहायचो हे त्यांना माहीत नव्हतं, कॉम्प्युटर रजिस्टरवरून शिकतोय हे मला कळलं नव्हतं, आणि ‘घरी’ म्हणजे मरायलाही घरी हे कयलला कोणी सांगितलं नव्हतं. तिघं शहाणे एका खोलीत.

“सगळ्यात वाईट पेशंट घरी नेले जातात,” कयल हळू म्हणाली, “म्हणजे तो उलटंच शिकला.”

“मग शिकव सुलटं. खोड ते. माझ्या बायकोपुढं मृत्यू लिही.”

डॉक्टर म्हणाले, तोंडी सांगण्यावरून लिहिता येत नाही. कोण कुठल्या ‘घरी’ गेलं हे एकेका घरी विचारूनच ठरवावं लागेल, रीतसर. कोण विचारणार? नर्सना वेळ नाही. मी म्हणालो, मी विचारतो. मीच लिहिलंय, मीच निस्तरतो. त्यांनी वरून परवानगी आणली, माझ्याकडून एका कागदावर सही घेतली की नावं बाहेर सांगायची नाहीत. म्हणून या लेखात घरच्यांशिवाय कोणाचं खरं नाव नाही. कयलनं चार प्रश्न छापून दिले. तुम्ही पेशंटचे कोण? पेशंट आता कसे आहेत? नसतील तर घरी नेल्यावर कितव्या दिवशी गेले? घरी नेल्यावर डायलिसिस झालं का? जसे छापलेत तसेच विचारायचे, पदरचं घालायचं नाही.

फोन करणं हे काय काम आहे ते मला त्या महिन्यात कळलं. काट्याचं काम बरं. हॉस्पिटलमधून बोलतोय म्हटलं की निम्मे ठेवून देतात. एक म्हणाला, ओटीपी सांगणार नाही. एक म्हणाला, आम्हाला विमा नको. एका बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “चार वर्षांपूर्वी नेलं त्यांना. आज आठवण झाली? तेव्हा एकानं तरी फोन केला होता का?” मी छापलेला कागद बघितला. त्याचं उत्तर त्यात नव्हतं. म्हणालो, “नाही केला, अम्मा. चूक आमची.” मग तिनं रडत सगळं सांगितलं. नेल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गेले होते.

कयल मला टोचायची, “तात्ता, पदरचं घालू नका म्हटलं होतं.”

“मग तू कर फोन.”

केला तिनं एक. शिव्या खाल्ल्या आणि फोन माझ्याकडं दिला.

एक नंबर लावला, खणखणीत आवाज आला. ओरगडमकडचा लॉरी ड्रायव्हर. पाय कापायचं ऑपरेशन झालेलं. त्याला घरी सोडायला मीच गेलो होतो, बेशुद्ध, अंगात ताप मावत नव्हता, बायका रडत होत्या. मी वाचलं, “तुम्ही पेशंटचे कोण?”

“कोण म्हणजे? मीच पेशंट.”

“पेशंट आता कसे आहेत?” कागदावर तेच होतं पुढं.

“तुला ऐकू कमी येतं का? बोलतोय ना मी! मुलानं इथं जवळच डायलिसिसला घातलं. आठवड्यात ताप उतरला. तूच का तो, मला गाडीत घालताना माझी चप्पल हरवणारा?”

“तुम्हाला एकच पाय होता तेव्हा.”

“म्हणून काय दुसरी चप्पल फेकायची?”

कयल टेबलावर डोकं ठेवून हसत होती. मीही हसलो. पण तो फोन ठेवल्यावर मला त्या दिवशी पुढचा लावता येईना. हा माणूस मरायला घरी गेला आणि जगला. म्हणजे ‘घरी’च्या पुढं नुसतं ‘मृत्यू’ लिहून टाकणंही खोटंच ठरलं असतं. विचारल्याशिवाय काहीच लिहिता येत नाही. एवढं कळायला मला एकतीस वर्षं आणि ही बडबडी पोरगी लागली.

यादी संपत आली. दोन पानं भरून नावं होती, काहींचे नंबर बंद, काही घरं सोडून गेलेले. शेवटी एक नंबर राहिला. तो मीच मागं सरकवत होतो.

“तात्ता, हा राहिलाय,” कयल म्हणाली आणि नंबर बघून तिनं कागद पालथा घातला. तो नंबर माझा होता.

“लाव.”

“तुम्ही समोरच बसलाय. मी नुसतं भरते. मला माहीत आहे.”

“तुला काय माहीत आहे? सगळ्यांना विचारलं ना? मग मलाही विचार. कागद घे हातात.”

तिनं कागद घेतला. शिकलेली पोरगी, पण पहिलीतल्या मुलीसारखी एकेक शब्द वाचायला लागली. “तुम्ही पेशंटचे कोण?”

“नवरा.”

“पेशंट आता कसे आहेत?”

“नाही.”

“घरी नेल्यावर कितव्या दिवशी?”

“चौथ्या. दुपारी.”

“घरी नेल्यावर डायलिसिस झालं का?”

“नाही.” आणि पुढं मी बोलत गेलो, कोणी विचारलं नव्हतं तरी. “नाही झालं, पण मी धरून चाललो होतो की होईल. रक्तदाब सुधारला की नेऊ, गुरुवारी नेऊ. म्हणून पाणी मोजत होतो. चार पेले. ती मागायची. पहिल्या दिवशी मागितलं, दुसऱ्या दिवशी मागितलं. मी म्हणायचो, थांब सिंधू, सूज येईल, गुरुवारी काट्यावर मला तोंड दाखवायचंय. तिसऱ्या दिवशी तिनं मागायचं सोडलं. मला वाटलं, शहाणी झाली.”

कयलनं कागद खाली ठेवला. 

“ज्याचं डायलिसिसच व्हायचं नाही त्याचं पाणी मोजून काय उपयोग?” मी म्हणालो. “हे वॉर्डातल्या कोणालाही विचार. मला कोणी विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं, आता द्या हवं तेवढं. पण कोणी विचारलं नाही, आणि मी स्वतःला विचारलं नाही. इतक्या लोकांना घरी सोडून आलो, एकालाही सांगितलं नाही की आता मोजू नका.”

“तात्ता, हे लिहू?”

“लिही.”

“याला रकाना नाही.”

“मग कर!” मी ओरडलोच. “पाय सुजला त्याला रकाना आहे, साखरेला रकाना आहे. याला नको?”

तिनं केला: ‘पाणी दिलं का’. डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, अंदाजाला याचा काही उपयोग नाही. मग म्हणाले, असू दे. दुरुस्त ओळी घालून कॉम्प्युटरला पुन्हा शिकवलं, तर तीच बासष्टची बाई आता तांबडी येते. मी डॉक्टरांना विचारलं, तेव्हा तांबडं असतं तर ऑपरेशन केलं असतं का? ते म्हणाले, “तुम्हाला आणि त्यांना बसवून विचारलं असतं.” म्हणजे पुन्हा विचारणंच. पोंगलनंतर सुरू करायचं ते आता पुढं ढकललंय, आणखी कुठं कुठं असे शब्द लपलेत ते शोधल्यावर करू म्हणतात. शोधा म्हणावं. सुटका नाही.

आणि मी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पहिल्या नावापासून फोन लावायला बसलो, पाचव्या प्रश्नासाठी. छापलेला नव्हता, पदरचाच होता. या वेळी कयलनंच यादी माझ्यापुढं सरकवली. शेवटच्या दिवसांत त्यांनी पाणी मागितलं का? दिलं का?

पहिलं नाव एका फुलवालीच्या नवऱ्याचं. मैलापूरला देवळाच्या रस्त्यावर हार विकते. मागून गिऱ्हाइकांचा आवाज येत होता, कोणीतरी मोगरा मागत होतं. महिन्यापूर्वी फोनवर बोलली होती, तरी मला आधी ओळखलंच नाही तिनं. मग म्हणाली, हां, फुगा दाबत आलेला तो अय्या, म्हणजे साहेब. मग मी विचारलं.

“नळी काढल्यावर तो अर्धा दिवस होता,” ती म्हणाली. “ओठ हलवायचा. तण्णी म्हणायचा. पाणी.”

“दिलंत?”

“दिलं की. चमच्यानं दिलं, मग कापूस भिजवून दिलं. तुम्ही लोकांनी सहा वर्षं नको नको म्हणून सांगितलं होतं. तरी दिलं.” आणि तिथंच गिऱ्हाइकाला म्हणाली, “थांब रे, बोलतेय ना.” मग मला म्हणाली, “का हो, नव्हतं द्यायचं का?”

“द्यायचं होतं, अम्मा,” मी म्हणालो. “बरोबर केलंत.”

तिच्या नवऱ्याच्या ओळीत मी माझ्या हातानं ‘दिलं’ टाइप केलं. एका बोटानं, वेळ लागला. त्या रकान्यात वर सिंधूच्या ओळीत ‘नाही’ आहे. कयल म्हणाली होती, तात्ता, रिकामं ठेवू का. मी म्हणालो, हात लावू नकोस.